ऑलिव्ह थर्लवेलचं कोपर

ऑलिव्ह थर्लवेलला आमच्या गल्लीत सगळे ओळखायचे ते तिच्या उजव्या कोपरामुळे. हसू नका, खरं सांगते. एल्डरबर्नमध्ये कोळशाच्या खाणीच्या वरच्या अंगाला तीन ओळी घरं आहेत, आणि तीसेक वर्षांत तिथं जन्मलेलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते ऑलिव्हनं. नर्स येऊन जायची, आईला उठवत नसायचं, मग कुणीतरी पाच नंबरच्या दारावर थाप मारायचं. ही बाई बाही वर सारत यायची, शेगडीपुढच्या पत्र्याच्या टबात कोपर बुडवायची आणि म्हणायची, "अजून नाही." थोडं गार पाणी, पुन्हा कोपर. "आता." माझी दोन्ही पोरं तिच्या त्या "आता"नंतरच पाण्यात गेली आणि एकही रडलं नाही. तिला स्वतःला मूल नव्हतं. त्याबद्दल ती बोलायची नाही आणि आम्ही विचारायचो नाही.

एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात असायची. चोवीस वर्षं गावातल्या पोरांना तिनं दुपारचं जेवण वाढलं. बटाटे किती सोलले असतील त्याची गणतीच नको. पण एवढे बटाटे सोलणाऱ्या बाईनं जन्मात एक बटाटा लावला नव्हता, कारण लावू दिला नव्हता.

आमच्या घरांच्या मागं, रेल्वेच्या बांधापर्यंत, बावीस तुकडे आहेत. कागदावर अलॉटमेंट, आमच्या तोंडी नुसते तुकडे. खाणीतल्या माणसांना भाजीपाला पिकवायला दिलेले. बावीस तुकडे, बावीस पुरुष, जुन्या दारांच्या बावीस झोपड्या आणि कबुतरं किती ते देव जाणे. बायकांनी चहाचा थर्मास फाटकापर्यंत न्यायचा आणि कोबी फाटकापासून घरी आणायचा. मधलं सगळं पुरुषांचं. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तो पक्का होता. माझा नवरा कथबर्ट सतरा नंबरवाला, तरी मी सतरा नंबरवर कधी पाय ठेवला नव्हता, आता बोला!

ऑलिव्हचा नवरा एडविन, त्याचा अठरा नंबर. माणूस भला होता, पण हेकट. आणि ऑलिव्हच्या मागच्या खोलीची खिडकी बरोबर त्या तुकड्यांवर उघडायची. सत्तावीस वसंत तिनं त्या खिडकीतून पाहिले. कोण कधी पेरतो, कुणाचं उगवतं, कुणाचं जळतं, कोण चोरून शेजाऱ्याच्या पिंपातलं पाणी घेतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. एकदा मला म्हणाली होती, "नेटी, हे सगळे कॅलेंडर बघून पेरतात गं. मातीकडे कुणी बघतच नाही."

आणि खरंच होतं ते. आमच्याकडे बटाटे लावायचे ते गुड फ्रायडेला. आज्यापणज्यांपासून तसंच. त्या दिवशी सैतानाचा मातीवर जोर चालत नाही म्हणे. मला विचाराल तर वसंतात खाणीला सुट्टी असायची ती त्याच दिवशी, एवढंच त्यात तथ्य. पण गुड फ्रायडे काय एका जागी बसतो? कधी एप्रिलच्या शेवटी येतो, कधी मार्चमध्येच टपकतो. आमचे बाप्ये मात्र बर्फ पडो की दगड, फावडं घेऊन हजर. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! मग मेमध्ये गोठलेलं दहिवर पडलं की कोवळा पाला जळायचा, आणि नावं ठेवायची कुणाला? तर थंडीला.

१९७८च्या जानेवारीत एडविन गेला. छाती भरून आली आणि चार दिवसांत आटोपला. मातीला सगळं गाव आलं होतं. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच सेप्टिमस रेन ऑलिव्हच्या दारात उभा. हा तुकड्यांच्या कमिटीचा सेक्रेटरी. कोटाच्या खिशात हिरवी वही, वहीत नियम, आणि नियमांत त्याचा जीव. मी तेव्हा ऑलिव्हकडेच चहा घेत बसले होते, म्हणून शब्द न् शब्द सांगू शकते.

"थर्लवेलबाई," टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "अठरा नंबरचं आता बघायला हवं. यादीत पुढचं नाव आहे, त्यांना कळवायचंय."

"कुणाचं नाव आहे?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"आमच्या जावयाचं," तो म्हणाला, आणि निदान लाजला तरी.

ऑलिव्हनं कप खाली ठेवला. "मला हवाय तो तुकडा."

सेप्टिमस हसला. मग ती हसत नाहीये हे बघून थांबला. "अहो, तुम्ही काय करणार त्याचं?"

"सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांनी पिकवलेलं शिजवलं. आता मला पेरायचंय. माझ्या हातानं. मरायच्या आधी एकदा तरी."

इतकी वर्षं शेजारी राहते, पण तिला असं काही मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. सेप्टिमसनं वही काढली, पानं उलटली, घसा खाकरला. "नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला. "ईस्टरच्या सोमवारी कमिटी फेरी मारते. तोवर चारातले तीन हिस्से जमीन खणलेली पाहिजे आणि बटाटे लागलेले पाहिजेत. झालं तर तुकडा तुमचा. नाही झालं तर यादीप्रमाणे जाईल." त्याच्या मनात काय होतं ते मला आरपार दिसत होतं. त्या वर्षी ईस्टर मार्चमध्येच होता, गुड फ्रायडे चोवीस तारखेला. एकसष्ट वर्षांची विधवा, गोठलेली जमीन, हातात दोन महिने. तो मनातल्या मनात जावयाला फावडं देऊनही बसला होता.

त्याला ऑलिव्ह माहीत नव्हती!

दुसऱ्याच दिवशी ती फाटकातून आत गेली. सरळ आत! मी बाहेर थांबले तर मागं वळून म्हणाली, "तुला काय आमंत्रण पाठवू?" मग काय, मीही घुसले. तिकडे कथबर्ट आपल्या झोपडीतून बघतोय, तोंडातला पाइप पडायचा राहिला. घरी आल्यावर म्हणतो, "नेटी, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील, कथबर्टची बायको कथबर्टपेक्षा बरं खणते." मग एका सकाळी आमचं चांगलं फावडं धार लावून ऑलिव्हच्या दाराशी ठेवलेलं दिसलं. माझा नवरा असाच आहे. तोंडानं काही कबूल करायचा नाही.

ते दोन महिने मी कधी विसरणार नाही. हातांना फोड, कंबरेचे तुकडे, नाकाचा शेंडा बधिर, आणि तरी आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खिदळायचो. पुरुष कुंपणापलीकडून टोमणे मारायचे. "बाई, फावडं उलटं धरलंय!" ऑलिव्ह मान वर न करता म्हणायची, "तुझ्या बायकोला आत पाठव, मग बघू कोण काय उलटं धरतंय ते." खाणीच्या तट्टांचं जुनं शेणखत गाडीवानानं फाटकापाशी ओतलं, ते आम्ही बादल्यांनी वाहिलं. एडविननं फुटक्या बादलीखाली झाकलेल्या रुबार्बचे, त्या आंबट देठांच्या भाजीचे, गुलाबी कोंब पहिल्यांदा दिसले तेव्हा ऑलिव्ह गुडघ्यांवरच बसली. फेब्रुवारीत लावलेल्या बाकल्याच्या शेंगांचं पहिलं रोप मातीतून वर आलं, वाकलेलं, डोकं खाली घातलेलं, त्या दिवशी तर तिनं मला घरातून ओढत नेलं. माझ्या हाताला पीठ तसंच. "बघ! नेटी, बघ, मी लावलंय ते!" एका रोपासाठी एवढा आनंद! पण खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं.

कांदे लागले. पार्सनिपची, त्या पांढऱ्या गाजरांची, ओळ पडली. तीन हिस्से काय, चारही हिस्से खणून झाले. राहिले बटाटे. ते तिच्या झोपायच्या खोलीत, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून खिडकीपाशी मांडलेले होते. बहात्तर. एकेकाला बोटाच्या पेराएवढे जांभळट कोंब आलेले. ती रोज सकाळी त्यांना "काय रे पोरांनो" म्हणायची, मी ऐकलंय.

आणि गुड फ्रायडेच्या आधी दोन दिवस बर्फ पडला.

शुक्रवारी सकाळी बर्फ वितळून जमिनीचा चिखल झाला होता. सगळे बाप्ये हजर. कडाक्याचा वारा, नाकं लाल, तरी एकेकजण सरीत बटाटे मांडतोय आणि वरून वरंबे ओढतोय. ऑलिव्ह आपल्या तुकड्याच्या मध्यावर गेली, गुडघे टेकले, बाही वर केली आणि उघडं कोपर मातीत खुपसलं. कोपर बाहेर काढलं तेव्हा कातडी निळी पडली होती.

"अजून नाही," ती म्हणाली.

"अजून नाही म्हणजे? ऑलिव्ह, परवा नाही तेरवा सेप्टिमस येतोय! बटाटे लागलेले नसतील तर तुकडा गेला!"

"एवढ्या गार मातीत मी बाळ ठेवणार नाही."

"अगं, ते बटाटे आहेत!"

"कुजतील. नाही कुजले तर लवकर वर येतील आणि मेमध्ये जळतील. सत्तावीस वर्षं बघितलंय मी वरून. यांचे जळतात आणि मग हे थंडीला शिव्या देतात."

आता सांगा, काय करायचं अशा बाईचं? मी डोक्याला हात लावला. तुकडा हवा म्हणून दोन महिने हाडं मोडून घेतली, आणि आता शेवटच्या पायरीवर ही म्हणते, माती गार आहे! पण ऑलिव्ह उठली, हात झटकले आणि फावडं उचललं. दोरी बांधली. सऱ्या पाडल्या, सहा, अगदी सरळ. आणि मग त्या रिकाम्या सऱ्यांवर माती ओढून सहा वरंबे केले. देखणे, एकसारखे, पावाच्या लाद्यांसारखे. एकाखालीही बटाटा नाही! मी तिच्याकडे बघितलं. तिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी ती मूठ आम्ही दोघींनी झाकली.

सोमवारी फेरी आली. पुढं सेप्टिमस, हातात हिरवी वही, मागं कमिटीची दोन माणसं आणि त्यांच्यामागं तमाशा बघायला बाकीचे सगळे. सेप्टिमसनं खणलेली जमीन बघितली, कांद्यांची ओळ बघितली. वरंब्यांपाशी आल्यावर मात्र थांबला. त्याचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "बटाटे लावलेत ना सगळे?"

"वरंबे दिसत नाहीत का?" ऑलिव्ह म्हणाली. खोटं बोलली नाही ती, हे लक्षात ठेवा.

"वरंबे दिसतायत. खाली काय आहे ते बघायला हवं." आणि त्यानं कडेला टेकवलेलं काटेफावडं उचललं! एक काटा आत गेला असता की सगळं संपलं होतं. ऑलिव्ह मात्र हलली नाही. कमरेवर हात ठेवून, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या त्या आवाजात, ज्या आवाजानं दोनशे पोरं एका क्षणात गप्प व्हायची, ती म्हणाली:

"सेप्टिमस रेन! पेरलेलं उकरून बघतं ते कोंबडं. माळी नव्हे."

असा काही हशा पिकला! कथबर्ट तर पोट धरून हसत होता. आणि तोच पुढं म्हणाला, "सेप्टिमस, तुझाच चौथा नियम ना? दुसऱ्याच्या लावलेल्या वाफ्यात हत्यार घालील त्याचा तुकडा जप्त? गेल्या वर्षी तूच वाचून दाखवला होतास, लीकच्या पातीची चोरी झाली तेव्हा." आता त्याला आतली गोष्ट माहीत नव्हती बरं का. निव्वळ न्यायानं बोलला. मला त्या क्षणी त्याचा मुका घ्यावासा वाटला.

सेप्टिमसनं काटेफावडं खाली ठेवलं. कानापर्यंत लाल झाला होता. पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "ठीक," तो म्हणाला. "उकरत नाही. पण पंधरा मेला, सोमवारी, मी पुन्हा येणार. तोवर सगळ्यांचं उगवलेलं असेल. तुमचं उगवलेलं दिसलं तर वहीत नाव घालतो. एक पान जरी दिसलं नाही, तर अठरा नंबर दुसऱ्या दिवशी जावयाच्या ताब्यात. आहे कबूल?"

"कबूल," ऑलिव्ह म्हणाली.

पुढचे तीन आठवडे मी तिच्या डोक्याशी कटकट केली. रोज. "आता लाव गं! लावल्यावर महिना लागतो वर यायला!" ती रोज सकाळी जायची, कोपर मातीत घालायची, "अजून नाही" म्हणून परत यायची. माझे आजोबा तर म्हणे विजार उतरवून मातीवर बसून बघायचे, पेरायची वेळ झाली की नाही ते. मी तिला म्हटलं, "कोपरानं कळत नसेल तर तेही करून बघ, पण लाव बाई एकदाचे!" ती म्हणाली, "सेप्टिमस फेरीला येईल तेव्हा करीन." आम्ही दोघी हसून हसून बेजार. पण दिवस मोजायचे माझ्या नशिबी होते.

एप्रिलच्या पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी, तिनं कोपर मातीत घातलं आणि काढलंच नाही. तशीच बसून राहिली. वर चिमणी ओरडत होती, ऊन पाठीवर लागत होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता."

आता म्हणे! पण भर दिवसा, एकवीस पुरुषांच्या डोळ्यांदेखत, आधीच "लावलेल्या" वरंब्यांत बटाटे लावायचे कसे? तर देवानं आमच्यासाठी त्या दुपारी फुटबॉलचा मोठा सामना ठेवला होता. तीन वाजता सगळे बाप्ये क्लबात टीव्हीपुढं. आणि बटाटे न्यायला आमच्याकडे गल्लीची बाबागाडी होती. ती ऑलिव्हच्याच घरी असायची, ज्याला बाळ होईल त्यानं न्यायची. बहात्तर बटाटे ट्रेसकट तिच्यात रचले, वर बाळाचं पांढरं पांघरूण घातलं आणि निघालो.

गल्लीच्या टोकाला समोरून कोण यावं? आयडा रेन! सेप्टिमसची बायको.

"अगं बाई, बाळ!" आयडा म्हणाली. "कुणाचं गं?"

"माझ्या बहिणीच्या नातवंडांतलं," ऑलिव्ह म्हणाली. तिला बहीणच नाही! "दोन दिवसांसाठी ठेवलंय. नुकतंच झोपलंय. उठवू नकोस."

आयडानं पांघरुणावर हलकेच थोपटलं. एकदा थोपटलं, थांबली, पुन्हा एकदा थोपटलं. मग ऑलिव्हकडे बघितलं. "गुटगुटीत आहे," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. सुटलो, मी मनात म्हटलं.

मग आम्ही कामाला लागलो! वरंब्याच्या माथ्यावर वीतभर खोल भोक पाडायचं, कोंब वर करून बटाटा आत ठेवायचा, माती लोटायची, तळहातानं थापटून आधीसारखं करायचं. क्लबातून आरडाओरडा ऐकू आला की आम्ही आणखी वेग वाढवायचो. गोल झाला की चार बटाटे, चुकला की तीन. ऑलिव्ह प्रत्येक बटाट्याला दोन्ही हातांनी ठेवत होती. शेवटचा ठेवला, वरंबा सारखा केला, तेवढ्यात सामना संपला आणि फाटक करकरलं. कथबर्ट आत आला, मातीनं माखलेल्या आम्हाला बघितलं, रिकाम्या बाबागाडीकडे बघितलं. "मी काही बघितलं नाही," म्हणाला आणि कबुतरांना दाणे टाकायला गेला.

पुढच्या आठवड्यात आयडा रेन ऑलिव्हच्या दारी आली. हातात लोकरीचे विणलेले इवलेसे मोजे. "त्या बाळासाठी," म्हणाली. ऑलिव्हनं आभार मानले आणि मोजे तुकड्यावरच्या झोपडीतल्या खिळ्याला अडकवले. मला इतकी शरम वाटली की त्या संध्याकाळी घास उतरला नाही.

मे उजाडला. सगळ्यांचे बटाटे वर आले. एकवीस तुकड्यांवर हिरवेगार झुबके, आणि अठरा नंबरवर सहा उघडे बोडके वरंबे. टोमण्यांना ऊत आला. "बाई, बटाटे लावले की अंडी?" "अहो, कोंबडीला बोलवा, उकरून बघेल!" ऑलिव्हचाच टोमणा तिच्यावर उलटला होता. ती हसायची, पण मी बघत होते, ती दिवसातून दहा वेळा त्या वरंब्यांभोवती फिरायची. एकदा मी मागून गेले तर ती मातीशी बोलत होती. "मी चुकले का रे एडविन?" असं काहीसं. मी आवाज न करता मागं फिरले.

आठवडाभर ऊन कडक होतं. उकाड्यानं बेसावध होऊन कुणी पाल्याला मातीची भर घातली नाही, कागद झाकले नाहीत. आणि अकरा मेच्या सकाळी मी पडदा बाजूला केला तर सगळे तुकडे पांढरे! दहिवर! दुपारपर्यंत एकवीस तुकड्यांवरचा पाला काळा, मऊ, उकडलेल्या पालेभाजीसारखा लोळलेला. बटाटा तेवढ्यानं मरत नाही म्हणा, पुन्हा फुटतो, पण तीन आठवडे मागं पडतो. सगळे बाप्ये टोप्या मागं सारून उभे. नाचता येईना अंगण वाकडं, थंडीला शिव्या सुरू. कथबर्टनं मात्र शिवी दिली नाही. तो आपला काळा पाला बघत होता, मग त्यानं अठरा नंबरकडे बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

पण ऑलिव्हचे वरंबे अजून उघडेच होते! शुक्रवार गेला. शनिवार गेला. रविवारी मी चर्चमध्ये देवाकडे बटाट्याचं एक पान मागितलं. फक्त एक. रविवारी संध्याकाळपर्यंत काही नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मी धावत गेले. ऑलिव्ह वरंब्यापाशी गुडघ्यांवर. पान दिसत नव्हतं, पण माती तडकली होती! वरंब्याच्या माथ्यावर, वीतवीत अंतरावर, भाकरी फुगताना पडतात तशा भेगा. सहाच्या सहा वरंब्यांवर. "ऑलिव्ह, येतायत! अगं, येतायत!" मी किंचाळले. "बोटानं जरा माती बाजूला कर ना, पान दिसेल!"

"उकरून बघतं ते कोंबडं," ती म्हणाली. तिनं स्वतःचे हात काखेत दाबून धरले.

दहा वाजता सेप्टिमस आला. सगळे आले. काळा पाला तुडवत, गुमान. फाटकाबाहेर दोनचार बायकाही जमल्या, त्यांत आयडा. सेप्टिमस वरंब्यांपाशी वाकला. माझं सगळं अंग कान झालं होतं, डोळे झाले होते. तो पहिल्या वरंब्यावरून चालत गेला. दुसऱ्या. तिसऱ्या. वही उघडत म्हणाला, "भेगा आहेत. पान नाही. बोलणं पानाचं झालं होतं."

"थांब," कथबर्ट म्हणाला. "सहा वरंबे आहेत. सहाही बघ."

सहाव्याच्या टोकाला, जिथं बांधावरचं ऊन सगळ्यात आधी पडतं, तिथं मातीचं एक ढेकूळ उचललं गेलं होतं. त्याच्याखालून सुरकुतलेलं, गडद हिरवं, अंगठ्याच्या नखाएवढं एक पान. मग मागं वळून सेप्टिमसनं आपल्या काळ्या पडलेल्या तुकड्याकडे बघितलं. त्याला कळलं. गुड फ्रायडेला लावलेला बटाटा इतक्या उशिरा वर येत नाही, आणि म्हणूनच हा जळला नाही.

त्यानं पेन्सिल ओली केली. "थर्लवेल," लिहिता लिहिता म्हणाला, "मिसेस एडविन."

"ऑलिव्ह," ती म्हणाली.

त्यानं खोडलं आणि ऑलिव्ह लिहिलं.

मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात फाटक करकरलं. आयडा रेन आत येत होती. सेप्टिमसची बायको, जिनं एकतीस वर्षांत फाटकाच्या आत पाय टाकला नव्हता. नवऱ्याकडे बघितलंही नाही. सरळ अठरा नंबरच्या झोपडीत गेली, उघड्या दारातून दिसणारे खिळ्यावरचे ते इवलेसे मोजे काढले, सहाव्या वरंब्यापाशी आली आणि ओळीच्या खुंटाला ते अडकवले. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

"बघू दे तरी बाळ," ती म्हणाली.

मला तर जागच्या जागी मातीत शिरावंसं वाटलं. म्हणजे त्या दिवशी गल्लीत पांघरूण थोपटलं तेव्हाच हिला कळलं होतं! महिनाभर नवऱ्याच्या बिछान्यात झोपून ही बाई चकार शब्द बोलली नव्हती.

आयडानं त्या हिरव्या पानाकडे मान तिरकी करून बघितलं, शेजारणीचं बाळ बघतात तसं. "कुणावर गेलंय गं?" तिनं विचारलं.

ऑलिव्हनं बाही खाली केली, मातीचा हात गालावर फिरवला, आणि सगळ्या पुरुषांसमोर मोठ्यानं म्हणाली, "माझ्यावर."